मांडा खापरावर पडेपर्यंत

भडगाव, १२ जानेवारी

पुष्पा,

आशीर्वाद. मोठ्या जावेनं धाकटीला द्यायचा असतो म्हणून दिला. मनातून दिलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू मध्येच बोलतेस, मग माझं बोलायचं राहून जातं आणि मी दिवसभर भांड्यांवर राग काढते. कागद मध्ये बोलत नाही. तेव्हा ऐक.

शेजारच्या सुकदेवच्या नातवाच्या जावळाला तू जे केलंस ते मी विसरलेले नाही. अंगणात चूल पेटलेली, तिच्यावर उपडं खापर तापलेलं, गल्लीतल्या सगळ्या बायका भोवती बसलेल्या. माझ्या दोन्ही हातांवर मांडा कोपरापर्यंत पसरलेला, इतका पातळ की आतलं पुरण बाहेरून दिसावं. आणि तो खापरावर टाकायचा, नेमक्या त्या वेळी तू कुठून तरी धावत आलीस आणि माझं मनगट धरून ओढलंस. वर ओरडलीस, "अक्का, आंधळी व्हयनी का? मांडा चुल्हामा टाकी ऱ्हायनी!"

मांडा फाटला. पुरण माझ्या लुगड्यावर. बायका हसल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. हसल्या असत्या तर मीही हसले असते आणि विषय तिथेच संपला असता.

भडगावात मांडे म्हटलं की इंदिराबाई. मी रिकामी नाही म्हणून लोकांनी साखरपुडे पुढे ढकललेले आहेत. त्या मला तू चारचौघींत आंधळी म्हणालीस, आणि पंधरवड्यात बिऱ्हाड आवरून तुझ्या हितेंद्रकडे धुळ्याला निघून गेलीस. जाताना दारात थांबून काय म्हणालीस? "अक्का, डोळा दाखाड डाक्टरले." जखमेवर मीठ चोळतात हे ऐकलं होतं, तू तर पोतंच ओतलंस.

माझे डोळे चांगले आहेत. हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. ओळी वरखाली झाल्या असतील तर तो वहीचा दोष. हल्ली रेघा फार फिकट छापतात.

उत्तराची वाट बघत नाही.

इंदिरा


भडगाव, २ फेब्रुवारी

पुष्पा,

उत्तर आलं नाही, बरंच झालं. बातमी द्यायची आहे म्हणून लिहिते, नाहीतर लिहिलं नसतं.

आपल्या डिंपलचं ठरलं. मुलगा अमळनेरचा, कॉलेजात शिकवतो, बोलायला मऊ आहे. लग्न आखाजीनंतरच्या आठवड्यात, पत्रिकेत अक्षय्य तृतीया म्हणून छापतील ती. बैठकीत जेवणाचा विषय निघाला तर माझा हेमराज म्हणतो कसा, "आई, मांडे जळगावहून मागवू. डब्यात येतात, व्यवस्थित घड्या घातलेले." सुनेनंही, दिपमालानंही, मान डोलावली. घडी घातलेले मांडे आणायचे तर रुमालच वाढा की पाहुण्यांना!

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. व्याही जेवायला येतील त्या दिवशी मांडे मी करीन. अंगणात, चुलीवर, माझ्या हातानं. माझ्या एकुलत्या एका नातीच्या लग्नात खापराशी दुसरं कोणी बसणार नाही. शब्द गेला तो गेला. आता मागे घेता येत नाही, आणि मला घ्यायचाही नाही.

त्याच दिवशीची गंमत सांगते. व्याह्यांच्या कपात मीच चहा ओतत होते. तो कपात कमी आणि त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर जास्त गेला. सगळे उठून उभे राहिले. मी म्हटलं, "बसा, बसा, आमच्याकडे व्याह्यांचे पाय असेच धुतात." एकच हशा पिकला. माणूस मोठ्या मनाचा, तोही हसला. पण दिपमालानं माझ्या हातातून किटली घेतली, अगदी हळू, आणि तेव्हापासून ती मला दिलेली नाही.

कपाचं काही विशेष नाही. हल्ली कपच बुटके येतात. हेमराजनं नवी चौकट बसवली आहे तीही जरा पुढे आली आहे, माझा डावा खांदा तिला रोज लागतो. सुताराला बोलावून सांगणार आहे.

तू हे वाचून मान हलवशील. हलव.

इंदिरा


भडगाव, २१ फेब्रुवारी

पुष्पा,

डिंपल बस्त्याला जळगावला नेते म्हणाली आणि नेलं कुठे, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे. पोरगी तुझ्यावर गेली आहे.

डॉक्टर तरुण आहे. अंधाऱ्या खोलीत बसवलं, थेंब घातले, यंत्रात हनुवटी ठेवायला लावली, बाजूला दिवा लागला की बटण दाबा म्हणाला. मी दाबत होते. पुढे त्यानं खिशातलं पेन काढून माझ्यासमोर उभं धरलं, मला दुसरं दिलं आणि म्हणाला, "आजी, तुमच्या पेनाचं टोक वरून आणून माझ्या पेनाच्या टोकावर टेकवा."

टेकवलं. हवेवर.

परत केलं. परत हवेवर. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुमचा हात हलतो आहे." मागे डिंपल फिदीफिदी हसत होती ती उठून माझ्या खुर्चीशी आली.

शेवटी काय, तर वयाचं आहे म्हणाला. या वयात सगळ्यांचं होतं. थेंब दिले आहेत. एवढंच.

येताना पाचोऱ्याला बसमधून उतरले तर शेवटची पायरी जिथे असायला हवी तिथे नव्हती. पडले नाही. कंडक्टरनं धरलं. तो मला "मावशी, सांभाळून" म्हणाला आणि मी त्याच्यावरच खेकसले, की तुमच्या गाड्यांच्या पायऱ्या नीट करा आधी. बिचारा.

घरात आल्यापासून बसवत नाही. गहू पाखडायला घेते, सोडून देते. तुळशीला पाणी घालायला जाते, तांब्या तसाच घेऊन परत येते. सगळं अर्धवट. हे पत्रसुद्धा तीनदा उठून लिहिलं आहे.

इंदिरा


भडगाव, ९ मार्च

पुष्पा,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं.

काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला आहे. कधी गेला ते मला कळलं नाही, कारण उजव्यानं सगळं सांभाळून घेतलं. गेलेलं परत येत नाही, डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं. थेंब आहेत ते उजव्यासाठी, तो तरी राहावा म्हणून.

मी म्हटलं, मला तर सगळं दिसतं. तुम्ही दिसता, पेन दिसतं, भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं. तो म्हणाला, "आजी, वस्तू बघायला एक डोळा पुरतो. ती किती लांब आहे हे हाताला नीट सांगायला दोन लागतात. तुमच्या हाताला आता अर्धाच निरोप पोचतो." चहा, चौकट, पायरी, सगळं त्यातच आलं. सवयीनं हात बरंचसं शिकेल म्हणाला. घाई करायची नाही, टेकवून, चाचपून करायचं. मी विचारलं, खापर? त्याला खापर माहीत नव्हतं, डिंपलनं मोबाइलवर दाखवलं. त्यानं ते दोनदा बघितलं आणि म्हणाला, "हे मात्र एकट्यानं नको. विस्तवाला चाचपता येत नाही."

डिंपलला मी गळ्याची शपथ घातली आहे. हेमराजला, दिपमालाला यातलं काही माहीत नाही.

खरं सांगू? डोळ्याचं मला इतकं वाटत नाही. डोळे म्हातारपणी जातातच. मला वाटतं माझे हात गेले. दिसायला तेच आहेत, पीठ तेच तिंबतात, पण हात जातो तिथे वस्तू नसते. घरात चोरासारखी वावरते मी. काहीही उचलायच्या आधी कोणी बघत नाही ना, हे बघते. पुष्पा, मला भीती वाटते. हे तुला सोडून दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही, आणि तुझ्याशी तर मी बोलत नाही.

इंदिरा


भडगाव, २४ मार्च

पुष्पा,

मला पत्र लिहायला तुझा हात मोडतो, पण डिंपलला फोन करता येतो होय? तिनं तुझा निरोप दिला. "आजीले सांग, किटलीनं तोंड कपना काठले टेकाड, मंग वत." केलं तसं. एक थेंब सांडला नाही. दिपमाला बघत होती, मी तिच्याकडे असं बघितलं की जणू निवडणूक जिंकले. आता राग कसला येतो आहे ते सांगते. तुला हे इतकं आधीपासून माहीत होतं!

बरं, आता खरी गोष्ट.

मी मागच्या अंगणात सराव सुरू केला आहे. चूल नाही, विस्तव नाही. विटांवर थंड खापर उपडं ठेवते, डिंपलची जुनी ओढणी भिजवून घट्ट पिळते, दोन्ही हातांवर मांड्यासारखी पसरते आणि खापरावर टाकते. पहिल्या दिवशी ओढणी खापराच्या अलीकडे पडली. दुसऱ्या दिवशी पलीकडे. शेजारची म्हातारी भिंतीवरून बघत होती, तिनं दिपमालाला विचारलं म्हणे, तुझ्या सासूनं खापराला आंघोळ का मांडली आहे. मी रोज टाकते आणि रोज चुकते. चिडून ओढणी आपटली तर ती बरोबर खापरावर बसली, तेही धुवायच्या दगडावर आपटायची होती म्हणून!

काल डिंपल पायरीवर बसून मोबाइलवर बोलत होती. अमळनेरकर असणार, दुसरं कोण. मी ओढणी हातांवर घेऊन खापराशी उभी. पोरगी मध्येच म्हणाली, "हां."

आणि माझे हात आपोआप खाली गेले. मी टाकायचं ठरवलंच नव्हतं. ओढणी खापराच्या मधोमध पडली, चारी बाजूंनी सारखी.

पुष्पा, तू म्हणायचीस. खापराच्या पलीकडे बसून लाकडं सारता सारता, मांडा खापरावर आला की तू "हां" म्हणायचीस. मला वाटायचं तुझी सवय आहे, धुरानं श्वास लागतो, म्हणून सुस्कारा टाकतेस. एकदा तर मी म्हटलंसुद्धा होतं, काय गं म्हशीसारखं हां हां करतेस! तू हसलीस आणि पुढच्या मांड्याला परत म्हणालीस. माझे हात डोळ्याचं ऐकतच नव्हते, ते तुझं ऐकत होते. किती वर्षं, ते तूच सांग, मला माहीत नाही.

आणि जावळाच्या दिवशी तू पुरण आणायला घरात गेली होतीस. तुझं "हां" झालंच नव्हतं. तू परातीसकट दारातून बघितलंस आणि धावत सुटलीस.

सगळं गाव मला मांडेवाली म्हणतं. त्यातले निम्मे मांडे तुझे होते आणि तू तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस. याबद्दल तुला मिठी मारावी की दोन धपाटे घालावेत, ते मला अजून ठरवता येत नाही.

इंदिरा


भडगाव, ५ एप्रिल

पुष्पा,

अक्षर नेहमीपेक्षा वाईट आहे, हाताला पट्टी आहे म्हणून.

मला वाटलं, "हां" तर कोणीही म्हणेल. हेमराज आणि दिपमाला पत्रिका वाटायला गेले होते, मी चूल पेटवली आणि डिंपलला तुझ्या जागेवर बसवलं. "मांडा बरोबर वर आला की हां म्हण, बास." पोरगी घाबरून नाही नाही म्हणत होती. मी ऐकते होय.

पहिला मांडा बरा पडला. दुसऱ्याला तिचं "हां" उशिरा आलं. मला वाटलं आलं, आणि मी हात सोडले. मांडा निम्मा विस्तवात आणि माझा हात खापराच्या काठावर. मनगटापासून वर चांगला भाजला आहे. डिंपल इतकी रडली की मी हात पाण्यात धरून तिचीच समजूत घालत बसले. "माझ्यामुळे झालं," एवढंच म्हणत होती. लग्न तोंडावर आलेली मुलगी, अंगाला हळद लागायची, आणि माझ्या हट्टापायी अंगणात बसून रडते आहे.

तेव्हा मला माझीच लाज वाटली. हात भाजला त्याची नाही.

इंदिरा


भडगाव, १६ एप्रिल

पुष्पा,

घरात सांगून टाकलं. हेमराज उठून अंगणात गेला आणि मोटारसायकल पुसत बसला, ती आधीच स्वच्छ होती. दिपमाला म्हणाली, "माले मालूम व्हतं, आई. किटली काय उगाच लिधी व्हती का मी?" म्हणजे या घरात माझा डोळा गेल्याचं सगळ्यात शेवटी मलाच कळलं.

हेमराज संध्याकाळी आत आला तो म्हणाला, "आई, अजून वेळ आहे, जळगावला सांगून ठेवू का?" मी म्हटलं, तीन दिवस थांब. ते तीन दिवस मी नुसती घरात फिरत होते. खापर उचलून माळ्यावर ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. दिपमाला म्हणाली, खापर फुटेल नाहीतर तुम्ही तरी फुटाल, एकदा काय ते ठरवा.

ठरवलं. सांगते.

तुझा भाऊ तोताराम गेला तेव्हापासून आखाजीला तुला न्यायला कोणी येत नाही. गावोगावच्या लेकींना मुराळी येतो, कोणाचा भाऊ, कोणाचा भाचा, आणि त्या पिशव्या भरून माहेरी निघतात. तू त्या दिवशी दाराला आतून कडी घालून कुरडया तळत बसायचीस. मी बघत होते. मला वाटायचं, यात आपण काय करणार, जाऊ काही कोणाचा मुराळी होत नाही. अशी रीत नाही.

तर रीत गेली खड्ड्यात. या आखाजीला तुझी मुराळी मी. आखाजीच्या दोन दिवस आधी सकाळच्या गाडीनं पारोळ्यावरून धुळ्याला येते. एकटी येते. डिंपल मागे लागली आहे, हेमराज तर म्हणतो गाडी करू. मी म्हटलं, मुराळी बसनंच जातो. हितेंद्रला सांग, आईचं सामान बांधून ठेव, लग्न होईपर्यंत ती मिळणार नाही.

भडगावात आलीस की तू तुझ्या जागेवर बस, खापराच्या पलीकडे. कणकेचा उंडा मी करीन, पुरण मी भरीन, हातांवर मांडा मी वाढवीन, ते माझ्या हातांना अजून डोळ्यांशिवाय येतं. तू म्हण "हां", मी टाकीन. आणि तुला वाटलं की नाही, आज अक्काच्या हातून नाही होणार, तर म्हण "अक्का, ऊठ". मी उठेन. सगळ्या बायकांच्या देखत उठेन, व्याह्यांच्या देखत उठेन, आणि खापराशी तू बसशील. तेव्हा मी रुसणार नाही असं म्हणत नाही. रुसेन, पण उठेन.

मी शब्द दिला होता की नातीच्या लग्नात खापराशी दुसरं कोणी बसणार नाही. आपले नवरे, दोन्ही भाऊ, गेले, आपण दोघी उरलो. तू दुसरी नाहीस. हे मी तुला तोंडानं कधीच म्हणणार नाही, म्हणून कागदावर लिहिते.

आता एक काम. धुळ्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी थांबू नकोस, सरळ बसच्या दाराशी ये. शेवटची पायरी किती खाली आहे ते मला कळत नाही. मी दारात उभी राहीन आणि हात पुढे करीन. तो तुझ्यापर्यंत पोचणार नाही, नाहीतर तुझ्या खांद्यावरून पुढे जाईल, नाहीतर कुठेतरी भलतीकडेच जाईल.

तू धर.

इंदिरा